निंबाकडला खण

“बठ्ठा उनात का वं माय?”

हा आवाज वच्छलाच्या कानात अजून आहे. तिचा बाप गावचा गुराखी होता. दिवेलागणीच्या अगोदर बोरी नदीच्या पात्रातून गुरं वर चढायची, धुळीचा लोट चिंचेपाशी येऊन थबकायचा, आणि त्या धुळीतून बाप दिसायच्या आधी त्याचा आवाज यायचा. सगळी आली का? सात वर्षांच्या वच्छलाला तेव्हा मोजता येत नव्हतं, म्हणून ती चिंचेच्या मुळीवर उभी राहून एकेकाचं तोंड बघायची. कुणाचा कान पडलाय, कुणाची कूस उडतेय, कोण पाय जपून टाकतंय, कुणाचं नाक कोरडं आहे. मग ओरडायची, “बठ्ठा उनात बा, पन देवरामनानानी गाय उदास शे!” आणि दुसऱ्या दिवशी देवरामनानाची गाय खरंच चारा सोडून बसलेली असायची.

बाप जाऊन वीस वर्षं होऊन गेली. आज सकाळी डुकरांच्या छपराचं फाटक उघडताना तोच आवाज तिला मानेमागून ऐकू आला. तिनं फाटकातून आत बघितलं.

निंबाकडल्या खणात भुऱ्या आडवा पडला होता. पाय ताठ, तोंडाशी फेस वाळलेला. काल दिवस मावळताना त्यानं तिच्या हातातला भाकरीचा कुटका ओढून नेला होता. धाप तेवढी होती त्याला, डोंगर चढून आल्यासारखी कूस उडत होती. ऊन तापायला लागलंय, म्हणून असेल, असं तिनं मनाला सांगितलं होतं.

भुऱ्या तिसरा. होळीच्या आदल्या आठवड्यात ढोल्या गेला, पाच दिवसांनी कानफाटी. तिन्ही अंगानं भरलेली, तिन्ही निंबाकडली, आणि तिघांनीही आदल्या दिवशी काही ना काही खाल्लेलं.

वच्छलाला ही डुकरं अशीतशी मिळाली नव्हती. सरकारी योजनेत एक पांढरी मादी आली होती. गावानं डुक्कर बघितलं होतं ते काळं, गटारीतलं. ही दुधासारखी, गुलाबी कानांची, उन्हात उभी राहिली की कानातल्या शिरा दिसायच्या. बौद्धवस्तीतल्या म्हाताऱ्यांनी नाक मुरडलं. “आपन हाई बठ्ठं कव्हयनं सोडं, नि हाई बाई फिरी डुकरं लई उनी.” वच्छलानं ऐकून घेतलं. तिचा नवरा झुलाल तिकडे दीपनगरला वीजकेंद्रात राखेच्या गाड्या भरायचा. पंधरा दिवसांनी घरी यायचा तो खोकला घेऊन. त्याच्या सदऱ्याची शिवण उसवली तर शिवणीतून राख पडायची. मादीला नऊ पिल्लं झाली तेव्हा वच्छला त्याला म्हणाली होती, “हाई नऊ मोठं व्हवू द्या. मंग तुमी ती राख सोडा नि घर या.”

झुलाल हसला होता. “नऊ म्हंजे नऊ बरं. एक कमी व्हयनं तं मी नही येवाव.”

थट्टाच होती ती. पण वच्छलानं ती थट्टा मनात जपून ठेवली होती, आणि आता सहा उरली होती.

छप्पर तिनं फळ्या लावून दोन खणांचं केलं होतं. दाराकडल्या खणात चार, निंबाकडल्या खणात पाच. चौथीपर्यंत शिकलेली बाई. घरात दाराआडच्या सारवलेल्या भिंतीवर तिनं कोळशानं नऊ उभ्या रेघा ओढल्या होत्या, वर एकेकाचं नाव. खाली रोजची खूण. पोटभर खाल्लं की टिंब, तोंड फिरवलं की आडवी रेघ, धाप दिसली की फुली. आज तिनं भुऱ्याच्या रेघेखाली काळा गोळा केला. तिसरा गोळा. दाराकडल्या चार रेघांखाली नुसती टिंबं होती, शेंगदाणे पेरावेत तशी.

“कितलावा?” कुंपणावरून भिकननं विचारलं. भिकन वस्तीतलाच. योजनेत त्याचाही अर्ज होता, तो परत आला. तेव्हापासून दिवसातून एकदा तरी तो या कुंपणाला हात लावून जायचाच.

“तिसरा.”

“फिरी निंबाकडलाच?”

“हाव.”

“मंग इचारस कसाले लोकस्ले? निंबामांगे बांध कोना शे?”

 बांध कुणाचा ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. कौतिक पाटलाचा. दिवाळीच्या सुमाराला मादीनं कुंपण फोडून त्याच्या भुईमुगाच्या दोन ओळी उकरल्या होत्या, तेव्हा तो याच बांधावर उभा राहून गरजला होता, “फिरी असं व्हयनं ना वच्छला, तं मी दवाई टाकसू! मंग मन्हा नावनं रडू नको!”

“तधळ आख्खा गावनी आयकं,” भिकन म्हणाला. “मी काही सांगत नही बरं भाऊ. मी आपला आयकेल सांगस.”

“तुमी इतला सकायले आठे कसा, भिकनभाऊ?”

भिकन चपापला. “घ्या! आते मन्हावर का?” तो बिडी कानामागं खोचत निघून गेला. वच्छलानं त्याच्या वहाणांचे ठसे तो दिसेनासा होईपर्यंत बघितले. संशय एकदा घरात शिरला की आधी कुठल्या खोलीत जाईल याचा नेम नसतो. भिकनच्या वहाणा, दूधवाल्याची सायकल, हॉटेलातून आणलेलं उष्टं खरकटं, आडाचं पाणी, सगळ्यांवर तिची नजर फिरून आली आणि शेवटी निंबामागच्या बांधावर जाऊन बसली.

ऊन वर आल्यावर ती बांध धुंडाळायला गेली. काळी माती उलून तिला भेगा पडल्या होत्या, त्या भेगांत कपाशीच्या वाळलेल्या पळाटीची पानं अडकलेली. ती वाकून वाकून बघत होती. विष घातलेली पुडी, चिंधी, पिठाचा गोळा, काहीतरी असेल.

“काय धुंडस वं?”

कौतिक पाटील. साठीचा गडी, डोक्याला उपरणं, खांद्यावर कुदळ.

“काही नही, आबा.”

“मन्हा बांधवर तुन्हं काय हारपनं?”

“तिसरं मरनं आज.”

“मरनं तं मरनं. तितला वास कमी व्हई.” तो दोन पावलं गेला आणि वळला. “काय व्हयनं व्हतं त्याले?”

“धाप लागनी नि मरनं.”

“जुलाब?”

“नही.”

“ताप?”

“नही, आबा.”

“अजब शे,” कौतिक म्हणाला आणि कुदळ या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत निघून गेला.

वच्छलाला ते ‘अजब’ टोचत राहिलं. एवढं कशाला विचारतोय? ज्यानं काही केलं नाही तो इतकं विचारेल का? की ज्यानं केलं तोच विचारेल, नीट झालं की नाही ते बघायला?

बांधावर काही नव्हतं. मग तिला बाप आठवला. जनावर घरी आलं नाही तर बाप आधी त्याचं शेण शोधायचा. ती छपरात गेली, निंबाकडल्या खणातली विष्ठा काडीनं पसरली. आणि तिथं तिला ते दिसलं. काळी टरफलं, काहींना कापसाची पांढरी लव चिकटलेली.

सरकी.

दाराकडल्या खणातली तिनं पुन्हा पुन्हा पसरून बघितली. नुसता कोंडा आणि ज्वारीच्या कण्या. सरकीचं एक टरफल नाही.

वस्तीत कुणाकडे म्हैस नव्हती, बैल नव्हता. सरकी कोण आणेल? अमळनेरहून पोत्यांनी सरकी यायची ती पाटलांच्या घरी. कौतिकच्या गोठ्यात चार म्हशी, त्यांच्यासाठी रोज घमेलंभर सरकी भिजायची. म्हणजे त्यानं सरकीत दवाई कालवली, आणि बांधावरून हात लांब करून टाकली. वच्छलानं चार टरफलं धुतली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली.

दुपारी सासू आली. झुंबरबाई. सत्तरीची, कमरेत वाकलेली, हाताला शेणाचा वास कायमचा बसलेला. चाळीस वर्षं ती कौतिकच्या गोठ्यावर जात होती. शेण काढायचं, गोठा झाडायचा, म्हशींची सरकी भिजवायची, वाटायची, आंबोण करून पुढ्यात ठेवायचं. तिच्या चहाची कपबशी त्या गोठ्याच्या कोनाड्यात वेगळी ठेवलेली असे. चहा पिऊन झाला की ती स्वतःच कपबशी धुऊन परत कोनाड्यात ठेवायची. घरी आली की निंबाखाली कुंपणाला पाठ लावून बसायची. डुकरं पळत येऊन फळ्यांच्या फटीतून पांढरी तोंडं बाहेर काढायची, तिच्या लुगड्याला हुंगायची, आणि ती बसल्या बसल्या गुणगुणायची:

*काई म्हैस पाटीलनी, तिन्ही दूधनी वं धार*
*मन्हा वाट्याले वं माय, पाट्या शेनन्या त्या चार*

“आत्या, हाई देखा,” वच्छलानं गाठ सोडली.

झुंबरबाईनं टरफल डोळ्यांजवळ नेलं. “सरकी शे.”

“निंबाकडला खणमा सापडनी. कोनाकडे ऱ्हास सरकी?”

म्हातारी टरफल बोटांत फिरवत राहिली.

“यामा दवाई कालाईसन टाकी कोनी तरी. तुमी रोज तठे जातस, आत्या. आबा काही बोलना का? काही देखं का तुमी?”

“मी काय देखू?” झुंबरबाई म्हणाली. “मी शेन देखस.” टरफल तिच्या बोटांतून खाली पडलं. ते शोधायला ती वाकली, पण तिला ते सापडेना. वच्छलानंच उचललं.

त्या दुपारी म्हातारीनं अर्धी भाकरी तशीच झाकून ठेवली. दुसऱ्या दिवशी ती निंबाखाली बसली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. गोठ्यावरून आली की सरळ घरात जायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. निंबाकडली दोन डुकरं, राजी आणि बुटकी, फटीतून तोंड काढून वाट बघायची. राजी तर फळीला धडका द्यायची.

वच्छलाचा जीव कडू झाला. हिला काहीतरी ठाऊक आहे. बघितलंय हिनं कौतिकला, आणि चाळीस वर्षांच्या त्या कपबशीपायी बोलत नाही. एकदा भाकरी थापताना ती बोलून गेलीच, “पाटीलनं घर तुमले जवळनं व्हयनं, आत्या. आमी दूरना.”

झुंबरबाईनं मान वर केली.  पण तिनं फक्त चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

शनिवारी झुलाल आला आणि त्याच सकाळी राजी गेली.

राजीची धाप वच्छलानं आदल्या दिवशीच भिंतीवर मांडली होती. तीन फुल्या. अमळनेरच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या देवचंद डॉक्टरांना तिनं दोनदा निरोप धाडला होता. डुकरांसाठी यायचं म्हणून ते टाळत होते की काय, असाही संशय तिच्या मनात येऊन गेला. पण ते आले. लूना निंबाला टेकवून उतरले. पन्नाशीचे, बारके, चष्म्याला दोरी बांधलेली.

“कधी मेलं?”

“पहाटं असीन, साहेब. सकायले गरम व्हतं थोडं.”

डॉक्टरांनी मादीला थर्मामीटर लावला, दाराकडल्या चौघांचे कान उलटे करून बघितले, बुटकीच्या पोटावर हात ठेवून तिचा श्वास ऐकला. “ताप नाही. कानांवर, पोटावर निळे डाग नाहीत. साथ असती तर आतापर्यंत दोन्ही खण साफ झाले असते. आधीची कधी मेली, आठवतं?”

“आठवत नही, लिखेल शे,” वच्छला म्हणाली आणि त्यांना दाराआड घेऊन गेली.

देवचंद डॉक्टर त्या भिंतीसमोर बराच वेळ उभे राहिले. एका टिंबावर बोट ठेवून रेघेवरून खाली आले, मग दुसऱ्या रेघेवर. “हे कोणी लिहिलं?”

“मीच. बा गुराखी व्हता मन्हा.”

“बाई, आमच्या रजिस्टरात एवढं नसतं.” ते वळले. “चारही निंबाकडची. आणि आधी सगळ्यात दांडगी, मग त्याखालची. ही बुटकी वाचली. का वाचली?”

“तिले कोनी खाऊ देत नही, साहेब. बठ्ठा तिले ढकली देत.”

“म्हणजे जे खायला पुढं, ते मरायला पुढं.” डॉक्टरांनी बाह्या सारल्या. “चला, फाडून बघू.”

झुलालनं राजीला निंबामागं ओढत नेलं. भिकन कुठून तरी उगवलाच. डॉक्टरांनी छाती उघडली तसं पिवळसर पाणी भळकन बाहेर आलं, तांब्याभर तरी. मग त्यांनी काळीज बाहेर काढलं. मोठं, सैल, ओल्या पिशवीसारखं.

“दवाई शे ना, साहेब?” भिकन म्हणाला. “फॉलिडॉल असीन.”

“फवारणीच्या फॉलिडॉलनं तडकाफडकी मरतं. तोंडाला लाळ, अंगाला झटके, आणि वास लपत नाही.” डॉक्टरांनी राजीचं पोट चिरून नाक जवळ नेलं. “हे काळीज एका दिवसात असं होत नाही. महिना-दोन महिने लागतात.”

वच्छलानं पदराची गाठ सोडली. इतके दिवस ती जपून ठेवली होती, पोलिसापुढं सोडायची म्हणून. “साहेब, हाई देखा. निंबाकडला खणमा सापडनं. यामा दवाई लाईसन कोनी चारी व्हई तं?”

डॉक्टरांनी टरफल हातावर घेतलं. चष्मा वर केला, खाली केला. “यात दवाई कशाला लागते? सरकीच पुरे आहे.”

“सरकी?” झुलाल म्हणाला. “सरकी खाइसन ढोर मरस का साहेब? म्हशी दूध देतीस सरकीवर.”

“म्हशीचं पोट वेगळं. सरकीत एक विष असतं, ते म्हशीच्या पोटात मोडून जातं. डुकराच्या पोटात मोडत नाही, साठत जातं, काळजावर बसतं. वाढीच्या वयातल्या डुकराला तर लवकर. मी सरकारी केंद्रावर होतो तेव्हा एकानं सरकीची पेंड चारली होती, बारा गेली.” त्यांनी हात धुतले. “कोणीतरी रोज चारतंय. संक्रांतीपासून तरी. थोडी थोडी, या बाजूनं. ते बंद करा, उरलेली पाच जगतील. या बाजूला रोज कोण असतं?”

“बांध शे ना तठे!” भिकन म्हणाला. “कौतिक पाटीलना!”

“त्याले ठाऊक व्हई,” झुलालच्या गळ्यातली शीर फुगली. “दवाई टाकी तं पकडाई जाऊ. म्हनीसन सरकी. रोज थोडी थोडी. आरे वा रे पाटील!”

वच्छलानं मात्र बांधाकडे बघितलं नाही. तिनं निंबाचं बुड बघितलं. कुंपणाला पाठ लावून लावून तिथल्या फळ्या गुळगुळीत झाल्या होत्या, मातीत बसल्याचा खळगा पडला होता. राजी फळीला धडका देत होती ती कुणासाठी? बांधावरून फेकलेली सरकी अख्खी पडली असती, विखुरली असती, बुटकीच्याही तोंडी लागली असती. ही तर कुणीतरी हातानं, तोंडाशी, ओळखून चारलेली.

तिनं घराच्या दाराकडे बघितलं. उंबऱ्यावर झुंबरबाई उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिचा चेहरा त्या पिवळ्या पाण्यासारखा झाला होता. दोघींची नजर भिडली, आणि म्हातारी आत वळली.

“सकायले जासूत त्याना दारले,” झुलाल म्हणत होता. “चार जन लई जासूत. तठून ठेसनले.”

‘थांबा,’ असं वच्छलाच्या जिभेवर आलं होतं. पण पुढे काय सांगणार? तुमच्या मायनं मारली? आणि सरकी कुठून आणली, असं कुणी विचारलं तर? चाळीस वर्षं ज्या गोठ्यात राबली त्या गोठ्यातून ओटीत घालून आणली, हे गावापुढं सांगायचं? भिकन दोन दिवसांत ते सात गावांना पोचवील.

 संध्याकाळी चुलीपाशी दोघी बसल्या. झुलाल बाहेर खोकत होता.

“मीठ जास्ती पडनं का, आत्या?”

“नही वं माय. बराबर शे.”

“अजून एक वाढू?”

“नको.”

भाकरी, मीठ, लाकूड ओलं, धूर फार. दोघी एवढंच बोलल्या, आणि एकमेकींच्या हातांकडे बघत राहिल्या.

सकाळी कौतिक पाटलाच्या अंगणात सात-आठ माणसं जमली. आत गोठ्यात म्हशी रवंथ करत होत्या. दाराशी घमेल्यात रात्रीची भिजवलेली सरकी फुगून आली होती.

“आबा,” झुलाल म्हणाला, “तुमी मन्हा डुकरस्ले सरकी काब्र चारी?”

“कसानी सरकी?”

“हाई देखा!” झुलालनं घमेल्याकडे बोट केलं. “डाक्टरनी सांगं. दोन महिना रोज चारी कोनी तरी. गावमा सरकी कोनाकडे शे?”

“आरे, मन्हा म्हशीस्लेच पुरत नही नि मी तुन्हा डुकरस्ले मेजवानी दिसू? येडं लागनं का मले?”

कुणीतरी हसलं. भिकन पुढे झाला. “दवाई टाकसू म्हने व्हता ना, आबा? आयकेल शे आमी.”

“म्हने व्हतू! हाव, म्हने व्हतू! भुईमूग उकरा तधळ तोंडमा उनं ते बोली गऊ. तू कव्हय बोलत नही का रे भिकन? तुन्ही बायकोले रोज मारी टाकसू म्हनस, ती जित्ती शे ना?”

यावर मोठं हसू पिकलं असतं, पण झुलालनं कौतिकच्या उपरण्याला हात घातला होता. “चार गयात मन्हा! चार! मी तठे राख खास, आबा, राख! यास्ना भरोसावर घर येनार व्हतू मी!”

“सोड! सोड आधी! चाल ठेसनले, मी बी येस!” कौतिकचा आवाज फाटला. उपरणं सोडवता सोडवता त्याची नजर गोठ्याच्या दाराकडे गेली. तिथं शेणाची पाटी डोक्यावर घेऊन झुंबरबाई उभी होती. भांडण असो, काही असो, सकाळचं शेण तिनं चुकवलं नव्हतं.

“झुंबरबाई! तू सांग यास्ले! चाळीस वरीस व्हयनात तुले आठे. मी तुन्हा घरनं जनावर मारसू का? तुन्हा पोऱ्यास्ले सांग!”

सगळे वळले. वच्छला कुडाला टेकून उभी होती, तिनं डोळे मिटून घेतले.

झुंबरबाईनं पाटी उतरवली. घाई केली नाही. हात लुगड्याला पुसले, घमेल्यापाशी येऊन वाकली. मग ओंजळ भरून सरकी उचलली, पाणी निथळू दिलं, आणि डाव्या हातानं लुगड्याचा ओटा धरून त्यात टाकली. पुन्हा एक ओंजळ. ओट्याचं टोक वळवून कमरेला खोचलं. वर पदर ओढला. बघणाऱ्याला काही दिसू नये असा. हात इतके सरावलेले होते की त्यांच्याकडे बघायचीही तिला गरज पडली नाही.

 झुलालचा हात उपरण्यावरून आपोआप सुटला.

“माय...” तो म्हणाला.

“रोज दोन ओंजया,” झुंबरबाई म्हणाली. ती कौतिकशी बोलत होती, पण बघत होती वच्छलाकडे. “तुले न इचारता लई जाऊ, कौतिक. चोरीच ती. निंबाखाले बसीसन, दगडवर वाटीसन, भाकरमा कालाईसन चारू. चाळीस वरीस तुन्या म्हशीस्ले चारी मी. त्यास्नं आंग भरे, त्या चमकेत, तुन्हा घरमा दूध वाढे. मन्हा घरमा जनमभर जनावर नव्हतं. हाई पहिलं. मले वाटनं, जे पाटीलनी म्हैस खास, ते मन्हा लेकरस्ले बी खाऊ देऊ.”

तिनं ओटा सोडला. सरकी तिच्या पायांवर पडली.

“ढोल्या बठ्ठास्ना आधी पयत ये,” ती म्हणाली. “जे आधी पयत ये ना वं वच्छला, त्याले मी जास्ती देऊ.”